वजीर कोणत्या दारी गेला

खांदेमळणीच्या संध्याकाळी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, राजकुमार पाटील किसनरावांच्या अंगणात चहा पिऊन गेला. जाताना त्याने आपला कप स्वतःच्या हाताने नळाखाली विसळून ठेवला. किसनरावांच्या बायकोने, बनाबाईंनी, तो कप पुन्हा विसळला आणि म्हणाल्या, "पाटलाचा पोरगा इतका वाकला म्हणजे काहीतरी उचलायलेच वाकला."

त्यांचं खोटं नव्हतं. उचलायचा होता तो पोळ्याचा पहिला मान.

निमखोरीचा पोळा दुसरबीडपर्यंत गाजलेला. एके काळी तोरणाखालून पहिला बैल राजकुमारच्या वडिलांचा, भागवतराव पाटलांचा, निघायचा आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीचे बैल सगळ्यात मागे, नाल्याच्या कडेला, झुली चिखलात बुडवून उभे असायचे. वस्तीतले किसनराव पहिल्यांदा आमदार झाले, गावात आले आणि ग्रामसभेत एवढंच म्हणाले, "मान घराचा नको. बैलाचा ठेवा. जो बैल सगळ्यात म्हातारा, तो पुढं." पाटलांसकट सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण त्या वर्षी सगळ्यात म्हातारा बैल पाटलांचाच होता. तो ठराव काय आहे हे गावाला पुढे दोन वर्षांनी कळलं, तो बैल मेल्यावर.

किसनराव सभागृहात उभे राहिले की अध्यक्ष आधी पाणी प्यायचे, असं निमखोरीत अजून सांगतात. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदला, हा एकच प्रश्न त्यांनी इतक्या अधिवेशनांत विचारला की बाहेरच्या झाडावरचे पोपट म्हणे मंत्र्यांच्या गाडीमागे उडत जाऊन तेच विचारायला लागले. पोपटांचं खरंखोटं पोपटांना माहीत. मतदारसंघातल्या पाट्या मात्र उतरल्या. मुलींचं वसतिगृह झालं. ज्या गावात दोन स्मशानं होती तिथं एक शेड बांधून त्यांनी दोन्हीकडच्या मेलेल्यांना एका छपराखाली आणलं. जिवंत माणसांचं मात्र थोडं राहून गेलं, असं ते स्वतःच म्हणायचे.

राहून गेलेलं म्हणजे पाटलांचं दार. रीत अशी की तोरण सुटलं की मानाचा बैल पहिल्यांदा पाटलांच्या दारी जातो. घरची बाई पायावर पाणी घालते, पुरणपोळीचा घास देते, मग बैल बाकीच्या गावात फिरतो. ठराव झाल्यापासून वस्तीचा बैल दोनदा पहिला आला. दोन्ही वेळा पाटलांचं दार आतून बंद होतं. ना भांडण, ना शिवी. नुसता अडसर लावलेला.

आणि या वर्षी गावात सगळ्यात म्हातारा बैल किसनरावांचा वजीर होता.

"एक दिवसाची गोष्ट आहे," किसनरावांची मुलगी मंजुश्री म्हणाली.

सकाळ झाली होती. वजीर अंगणात उभा होता आणि किसनराव स्टुलावर बसून त्याच्या शिंगांना लाल रंग देत होते. वजिराचं डावं शिंग खाली वळलेलं, कानात काही सांगत असल्यासारखं. धाडच्या बाजारातून आणला तेव्हा व्यापाऱ्याने त्या शिंगापायी भाव पाडून दिला होता. त्याचा जोडीदार सुभेदार दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून वजिराला काम नव्हतं. तो सकाळी एकटा शेताकडे जायचा आणि दुपारी एकटाच परत यायचा. माजी आमदारासारखा, असं किसनराव स्वतःच सांगून हसायचे.

"एक दिवस आपला बैल मागं राह्यला तं काय बिघडते?" मंजुश्री वकील होती. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असायच्या आणि सध्या ती पाटलांची बाजू मांडत होती. "राजूभाऊचं म्हणणं काय, आबा अंथरुणाले खिळले. त्याईचा शेवटचा पोळा. आमचा बैल पुढं जाऊ द्या, म्हणते. बदल्यात चार गावं मागं उभी करतो. तालुक्याचा अध्यक्ष आहे तो, बाबा. त्याच्या नाही म्हणण्यानं माझं तिकीट अडून राह्यलं. एक दिवसाचा बैल आणि पाच वर्षांची आमदारकी. मोजून पाहा."

"आमदारकी कशाले पायजे तुले?" किसनरावांनी ब्रशवरून नजर न काढता विचारलं.

"तुमचं राह्यलेलं पुरं कराले!"

"बरं," किसनराव म्हणाले आणि दुसऱ्या शिंगाकडे वळले.

प्रसेनजित ओट्यावर मोबाईल घेऊन बसला होता. किसनरावांच्या धाकट्या भावाचा हा मुलगा बुलढाण्याला कॉलेजात शिकवायचा. दर पोळ्याला गावी यायचा आणि आपण पोळा का मानत नाही हे सगळ्यांना समजावून सांगायचा. ते सांगता सांगता त्याच्या तीन पुरणपोळ्या होत.

"मोठेबाबा, माझं तं म्हणणंच वेगळं आहे," तो म्हणाला. "आपण त्यांच्या तोरणाखाली जायचंच काऊन? बाबासाहेबानं आपल्याले कुठून बाहेर काढलं आणि आपण कुठं रांग लावून राह्यलो! बैलाले घरी घास द्या, पाया पडायचं तं पडा. पण त्यांच्या दारात उभं राहून घास मागायचा म्हणजे..."

"मागत नाई बे," बनाबाई आतून बोलल्या. पुरण वाटून त्यांचा हात कोपरापर्यंत पिवळा झाला होता. "बैल मागते का? बैल जाते. देणाराची इज्जत असते त्यात. नाई दिलं तं त्याची जाते."

"मग तुम्ही मंजूताईच्या बाजूनं का माझ्या?"

बनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. रात्री त्या मंजुश्रीच्या बाजूने होत्या, आमदारकी घरात परत आली तर बरंच, असं त्याच म्हणाल्या होत्या. पण रात्रीतून त्यांनी कूस बदलली होती.

"मी दोन्ही वेळा त्या दारासमोर उभी होती," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळेस सगुणाबाईचा बैल होता. तिचा नवरा भोळा. त्याले वाटलं दार अडकलं. म्हणून त्यानं दार ठोठावलं. 'पाटील, पोळा आला,' म्हणे. आतमधून भांड्याचा आवाज येत होता, बाई बोलत होती, सगळं येत होतं. दार तेवढं आलं नाई. तो मंग आपल्या बैलाले म्हणते, 'चल बाप्पा, घरचे झोपले.' भर दुपारी." त्यांनी पिवळा हात पदराला पुसला. "मंजू, तुले जे करायचं ते कर. पण वजिराले मागं उभं करशीन तं मी पुरण नाई टाकत. उपाशी राहीन तुझी आमदारकी."

"काकू माझ्या बाजूनं आल्या," प्रसेनजित म्हणाला.

"तुझ्या बाजूनं कोन येऊन राह्यलं? तू तं जाऊच नका म्हणते."

प्रसेनजितने मोबाईल खिशात घातला. काहीतरी त्याला आत्ताच टोचलं असावं. "मी पोळा मानत नाही ते नाहीच," तो म्हणाला. "पण आपण आपल्या मर्जीनं नाही जायचं ही एक गोष्ट झाली. आणि कोणी नका येऊ म्हटलं म्हणून नाही जायचं ही दुसरी. त्यानं सांगितलं नसतं तं मी म्हटलं असतं नका जाऊ. आता त्यानं सांगितलं. आता जायचं. पुढूनच जायचं."

मंजुश्री एकटी पडली. वकील माणूस एकटं पडलं की न्यायाधीशाकडे बघतं, तसं तिने वडिलांकडे पाहिलं.

किसनरावांनी ब्रश डब्यात ठेवला. उठताना गुडघा वाजला. दावं सोडून त्यांनी ते तिच्या हातात दिलं.

"तू उमेदवार. दावं तुझ्यापाशी."

"मी? बाया तोरणाखाली बैल नेत नाहीत, बाबा."

"कोन्या ठरावात लिहिलं नाई. मी पाहिलं."

"आणि तुम्ही?"

"मी येत नाई. मी आलो तं मान माझा होऊन बसते. मंग लोक म्हणतीन, आमदार होता म्हणून गेला त्याचा बैल." त्यांनी वजिराच्या पाठीवर झूल सारखी केली. "थांबवाचा असन तं तूच थांबव. मी रुसणार नाई. मीही तिकिटासाठी काय काय गिळलं ते तुह्या आईले विचार."

"सांगू का?" बनाबाई म्हणाल्या.

"नको सांगू."

तिकडे पाटलांच्या घरी वेगळाच गोंधळ होता. राजकुमारची बायको शालूबाई पुरणाच्या आधी भाकरी थापत होती आणि राजकुमारला ते कळत नव्हतं.

"आज भाकर कशाले? सणाचं पुरण आहे ना?"

"आबाले पायजे. रोज सकाळी एक भाकर लागते त्याईले. जाड, कडक. आज सण म्हटलं तरी ऐकत नाईत."

"तोंडात दात नाही माणसाच्या आणि कडक भाकर?"

"मी विचारत नाई," शालूबाई म्हणाली. "ताट रिकामं येते एवढं मले माहीत."

भागवतराव पाटलांची बाज मागच्या पडवीत होती. डॉक्टरांनी ऊन घ्या म्हटलं म्हणून त्यांनी तिथेच टाकायला लावली होती. एके काळी त्यांनी नुसतं खाकरलं तरी नदी वळण बदलायची, असं जुने लोक सांगतात. आता खाकरलं तर शालूबाई पाणी आणून द्यायची. पडवीच्या बाहेर बोळ होता. तो सरळ शेताच्या रस्त्याला लागायचा.

राजकुमार वडिलांजवळ गेला. "आबा, आज आपला बैल पुढं जाऊन राह्यला. मी सगळं बोलून ठेवलं. तुमच्या मनासारखं होते."

म्हाताऱ्याने डोळे किलकिले केले. "तुले कोनं सांगितलं माह्या मनात काय आहे?"

राजकुमारला वाटलं, आनंदाने बोलून राह्यले.

पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. बैल ओळीत उभे राहिले. खरं तर बैल थोडे आणि ट्रॅक्टर जास्त, पण ट्रॅक्टरवाल्यांनीही आपल्या गाड्यांना बेगड चिकटवली होती. मंजुश्री वजिराचं दावं धरून आली तेव्हा ओळीत कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, "वकीलबाई हाय, बैलाची जमानत कराले आली." सगळे हसले आणि रस्ता झाला.

राजकुमारचा बैल आधीच तोरणापाशी होता. देखणा, पांढरा, तरणाबांड. राजकुमार मंजुश्रीजवळ सरकला.

"ताई, काही करू नका. नुसतं थांबा. मी पुढं जातो. कोणाले काही कळणार नाही."

मंजुश्रीने दावं आवळलं होतं. खरं सांगायचं तर सकाळी घरून निघताना तिने ठरवलं होतं, थांबायचं. पारापर्यंत येईपर्यंतही तेच ठरलेलं होतं. वजीर तिच्या खांद्याला नाक लावून उभा होता आणि त्याच्या वळलेल्या शिंगाचा ओला रंग तिच्या पदराला लागत होता.

तेवढ्यात झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमणेबाज कवनं, सुरू झाल्या. पोळ्यात तोरणाखाली कोणीतरी पुढे येतो आणि ज्याची टोपी उडवायची त्याची उडवतो. त्या दिवशी कोणी राग धरत नाही, धरला तर दाखवत नाही. गावातला कडूबा छातीवर हात मारून ओरडला:

"आमदाराच्या खुर्चीले लाकूड लागते सागाचं,
पाटलाच्या दाराले कुलूप लागते रागाचं!
खुर्ची मोडते पाच सालानं, कुलूप मोडंल कोन?
दात पाहा वजिराचे, उरले फक्त दोन!"

"हर बोला, हर हर महादेव!" गाव गरजलं. राजकुमारही हसला. हसावंच लागतं.

"राजूभाऊ," मंजुश्री हळू आवाजात म्हणाली, "ती चार गावं तू मले देणार. बरोबर?"

"शब्द आहे."

"त्या चार गावांत पोळ्याले वस्तीचे बैल कुठं उभे राहतात?"

राजकुमारने तोरणाकडे पाहिलं. मग आपल्या बैलाकडे. "आता ते... तिथली ज्याची त्याची रीत आहे, ताई."

"हाव ना. मंग मी निवडून आल्यावर तिथं जाऊन काय सांगू? मी तं पारापाशी थांबूनच निवडून आली म्हणून?"

"ताई, विचार करा. तिकीट..."

"केला." तिने दावं सैल सोडलं. "चल वजीर."

वजीर तोरणाखालून गेला. घाई नाही, डौल नाही. बाजारातून घरी निघालेल्या माणसासारखा. मागून तोरण तुटलं, पानांसाठी झुंबड उडाली, बैल सुटले. प्रसेनजित गर्दीतून वाट काढत मंजुश्रीच्या मागे आला. "मी मानत नाही, पण आलो," तो म्हणाला.

पाटलांच्या घरासमोर सगळे थांबले. दार बंद होतं; वजीर पुढे आहे ही बातमी आधीच आत पोचली असावी. सागवानी, पितळी कड्यांचं दार. राजकुमार मागून धापा टाकत आला, पण दार उघडायला पुढे झाला नाही. मंजुश्री उभी राहिली. आईने सांगितलेलं सगळं तिला ऐकू यायला लागलं: आतलं भांडं, आतलं बोलणं.

वजीर मात्र थांबला नाही. त्याने दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. डावीकडे मान वळवली आणि मंजुश्रीला ओढत घराच्या बाजूच्या बोळात शिरला. ओढत म्हणजे अक्षरशः. तिची चप्पल पारापाशीच्या चिखलात राहिली असती तर बरं, ती पाटलांच्या कोपऱ्यावर निघाली. वजीर असा निघाला होता जसा कोणी रोजच्या चहाच्या टपरीवर जातो. कोपऱ्यावर वळला, गटार ओलांडली, पडवीपाशी थांबला आणि कठड्यावरून मान आत घातली.

पडवीत बाजेवर भागवतराव पाटील उशाला टेकून बसले होते. हातात भाकर.

"आज लय उशीर केला बे," ते वजिराला म्हणाले. "केव्हाची धरून बसलो."

मग त्यांना बैलाच्या मागे झूल दिसली, झुलीमागे मंजुश्री, तिच्यामागे प्रसेनजित आणि त्याच्यामागे अर्धं निमखोरी. म्हाताऱ्याने भाकर पटकन पांघरुणाखाली घातली. वजिराने ती पांघरुणासकट ओढली.

कोणीतरी फिसकन हसलं. मग कोणी हसलं नाही. शालूबाई स्वयंपाकघराच्या दारात आली होती आणि कडक भाकरीचं कोडं तिला एका क्षणात सुटलं होतं. राजकुमार तोंड उघडं टाकून बापाकडे पाहत होता.

"किती दिवस झाले, आबा?" तो म्हणाला.

"त्याचा जोडीदार गेला तवापासून," भागवतराव म्हणाले. "एकटाच जात होता इथून. मीही एकटाच होतो." आणि जरा तुसडेपणाने, "बैल आहे तो. बैलाले काय जात असते?"

मंजुश्रीला राग आला पाहिजे होता. आला नाही, हे तिलाच नवल वाटलं. तिने पांघरूण वजिराच्या तोंडातून सोडवलं, झटकलं, म्हाताऱ्याच्या पायांवर नीट घातलं. मग दावं ओढून वजिराची मान कठड्याच्या बाहेर काढली. वजिराने नाराजीने फुरफुर केली.

"पाटील आबा, रोज काय द्यायचं ते द्या," ती म्हणाली. "आज पोळा आहे. आज तो समोरून जेवन."

"समोरचं दार लांब आहे, पोरी. मले चालता येत नाई."

"आम्ही थांबतो."

भागवतरावांनी पायांवरचं पांघरूण बाजूला सारलं.

"राजू," म्हातारा शेवटी म्हणाला, "बाज उचल."

"आबा, लोक..."

"लोक आलेच आहेत. उचल."

राजकुमारने डोक्याकडची एक बाजू धरली. दुसऱ्या बाजूला कोणी नव्हतं. प्रसेनजित कठड्यावरून पाय टाकून आत आला आणि त्याने दुसरी बाजू धरली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पायाकडे शालूबाईने हात लावला, पुरणाच्याच हाताने.

किसनराव घरी ओट्यावर बसले होते. समोर चहा. बनाबाई सूप घेऊन बसल्या होत्या, पण त्यात पाखडायला काही नव्हतं.

वजिराची घंटा जुनी, काशाची. गावात कुठेही वाजली तरी कळते. किसनरावांनी ती पारापाशी ऐकली. मग तोरण तुटल्याचा गलका ऐकला आणि घंटा सगळ्यांच्या पुढे चालू लागली तेव्हा त्यांनी कप उचलला.

"पुढं गेली पोरगी," बनाबाई म्हणाल्या.

"हाव."

घंटा पाटलांच्या घरापर्यंत गेली. आणि डावीकडे वळली. किसनरावांनी कप खाली ठेवला.

"मागं गेला," ते म्हणाले.

"रोजची वाट आहे त्याची."

किसनरावांनी बायकोकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

"दुपारी घरी येते तं त्याच्या तोंडाले ज्वारीचा वास येते. आपल्या घरी गव्हाच्या पोळ्या. तुमाले?"

"एकदा पाहिलं बोळातून." त्यांनी कप बाजूला सरकवला. "तुले सांगितलं नाई. तुले वाईट वाटन म्हणून."

"मी तुमाले सांगितलं नाई. तुमी भाषण करसान म्हणून."

किसनराव हसले नाहीत. "मागच्या दारातली भाकर आहे ती, बना. तीस वर्षं मी तेवढंच सांगत फिरलो. मागच्या दारातून दिलेलं घेऊ नका."

"भाकर खरी होती पण," बनाबाई म्हणाल्या.

घंटा थांबली होती. खूप वेळ थांबली. चहावर साय धरली. गावात दुसरे बैल फिरत होते, त्यांची घुंगरं वाजत होती, पण ती घंटा नव्हती. मग ती वाजली. आली त्याच वाटेने परत, सावकाश, कोपऱ्यापर्यंत. उजवीकडे वळली. पुन्हा थांबली.

आणि मग पाटलांच्या घराकडून एक आवाज आला. लाकडावर लाकूड घासल्याचा. वस्तीचा बैल पुढे आला की लागायचा तो अडसर, पावसाने फुगलेला असावा. तो एका झटक्यात निघाला नाही. दोनदा अडकला, कोणीतरी खांदा लावला, मग निघाला.

किसनरावांनी सायीसकट चहा पिऊन टाकला.

"तिकीट गेलं असन मंजूचं," ते म्हणाले.

"गेलं तं गेलं." बनाबाईंनी रिकामं सूप भिंतीला टेकवलं आणि बादली उचलली. "वजिराच्या टाक्यात पाणी भरते. पुरण खाल्लं की तहान लागते त्याले."